आधी घास गिळा

ही गोष्ट मी घरीही कधी सांगितलेली नाही. पैठणच्या एसटीत शेजारी बसलेल्या त्या माणसाची आणि माझी ओळख जेमतेम तासाभराची. बिडकीन मागे पडल्यावर त्याने फडक्याची गाठ सोडली, भाकरी मोडली आणि मोठा तुकडा ठेच्यासह माझ्या हातावर ठेवला.

"घ्या साहेब, तुमचा डबा दिसत नाय."

मला भूक होती. मी लगेच घास घेतला आणि कुणालाही विचारतो तसं सवयीने विचारलं, "आडनाव काय तुमचं?"

तो थांबला. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि अगदी समजुतीने म्हणाला, "आधी घास गिळा, मग सांगतो. मागं याच गाडीत एका गुरुजीनं आडनाव ऐकलं अन् घास खिडकीबाहेर थुकला. भाकर माझ्या मायनं थापल्याली हाय, साहेब."

मी हादरलो. "आम्ही तसले नाही हो," असं म्हणायला गेलो, पण बोलता येईना. तोंडात घास तसाच होता. त्याचं बोलणं ऐकतानाच माझे दात थांबले होते, आणि तो ते पाहत होता.