बेथलेहेमात सराई नव्हती

मी ग्रीक शिकलो ते वसमतच्या आमच्या मिशनच्या आवारात. त्या आवारात ग्रीक जाणणारा दुसरा कोणी नव्हता. त्यामुळे माझे चुकते आहे असे सांगणाराही कोणी नव्हता. विद्वान होण्यास याहून अनुकूल परिस्थिती मला पुढे कधी लाभली नाही.

धर्मशिक्षणाच्या शाळेत मुळाक्षरे आणि थोडे व्याकरण झाले होते. पुढे आमचे गोरे पाद्री मायदेशी परतले, तेव्हा ग्रीक नवा करार आणि एक जाडजूड कोश मला देऊन गेले. माझी योग्यता ओळखून त्यांनी ते दिले असे मी अनेक वर्षे मानत होतो. पुस्तके जड होती आणि युद्धामुळे बोटीवर सामान नेण्यास बंधने होती, हेही आता नमूद केले पाहिजे.

मी त्या वेळी आवारातील शाळेत मास्तर होतो आणि रविवारी उपदेश करीत असे. राज्य निजामाचे होते. तहसिलीतून येणारी नोटीस उर्दूत असे आणि मला उर्दू नीट वाचता येत नसे. ती वाचून घेण्यासाठी मी बाजारातल्या कापडवाल्या चाचांच्या दुकानी जात असे. आपल्या गावची नोटीस न कळणारा मनुष्य दोन हजार वर्षांपूर्वीची भाषा वाचतो, यात काही विसंगती आहे असे माझ्या पत्नीस वाटे. तिने ते एकदाच बोलून दाखवले. मला मात्र पुष्कळ दिवस आठवत राहिले.

लूकच्या शुभवर्तमानातील दुसऱ्या अध्यायाचे सातवे वचन मी त्या वर्षी अभ्यासाला घेतले. मरीयेने आपल्या बाळास गव्हाणीत ठेवले, कारण उतारशाळेत, म्हणजे सराईत, त्यांना जागा नव्हती, असे आपले मराठी भाषांतर सांगते. मी मूळ ग्रीक पाहिले. तेथे शब्द आहे काटालुमा. कोश उघडला, मागचेपुढचे संदर्भ ताडून पाहिले. प्रभूने शिष्यांसह शेवटचे भोजन केले त्या खोलीलाही हाच शब्द आहे. आणि ती कोणाच्या तरी घरातील खोली होती. उलट, प्रभूच्या दृष्टांतात जखमी वाटसरूला चांगल्या शोमरोन्याने जेथे नेऊन ठेवले, ती खरी धर्मशाळा. तिच्यासाठी त्याच लूकने पान्दोखेइऑन हा निराळा शब्द योजला आहे. म्हणजे लूकला सराई म्हणायची असती तर त्याच्याकडे शब्द होता. त्याने तो येथे वापरला नाही. काटालुमा म्हणजे घरातील पाहुण्यांची खोली. योसेफ आपल्या पूर्वजांच्या गावी गेला होता. तेथे तो सोयऱ्यांच्या घरी उतरला. पाहुण्यांची खोली आधीच भरली होती. म्हणून त्यांना घरातच, जनावरांच्या बाजूला जागा मिळाली. सराई नव्हती. सराईवालाही नव्हता.

हे अनुमान मला आजही योग्य वाटते. अडचण अनुमानाची नव्हती. अडचण अशी होती की आमच्या आवारात एक सराईवाला होता.

तो आमच्या शाळेचा चौकीदार. वयाने माझ्या वडिलांएवढा. मी त्याला काका म्हणत असे. दर नाताळात मिशनच्या देवळाच्या ओट्यावर आम्ही ख्रिस्तजन्माचे नाटक करीत असू आणि त्यात सराईवाल्याचे सोंग त्याचे ठरलेले होते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, डोक्यास तिरपा रुमाल. मरीया आणि योसेफ दाराशी आले की तो थेट दख्खनी बोलीत गरजे, "जगा नै! काइकू खडे? आगे बढो!" त्यावर बाजारातील मंडळी लोळून हसत. कापडवाले चाचा केवळ या वाक्यासाठी दुकान बंद करून येत. देवदूत आला की ते उठून जात.

नाताळाच्या आधी मी काकाला बोलावून सांगितले की यंदा सराई नाही.

"न्हाई म्हंजी?"

"मूळ ग्रीकात नाही."

"मंग इतकी वर्सं मी कुठं उभा राहून राहिलो व्हतो, मास्तर?"

मी त्याला सर्व समजावून सांगितले. लूकचा शब्द सांगितला, दुसरा शब्द सांगितला. तो प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणत गेला. मी हे समाधानाचे लक्षण समजलो. शेवटी मी म्हणालो, की त्याचे काम जाणार नाही, उलट वाढेल. तो आता योसेफाचा सोयरा, घरधनी. पाहुण्यांची खोली भरली आहे असे सांगून त्याने मरीयेला गोठ्याच्या बाजूला पाठवायचे.

काकाचा चेहरा उतरला.

"अवघडलेली लेक दारात उभी, अन् म्या म्हनायचं जागा न्हाई?"

"शास्त्रात तसेच आहे."

"शास्त्रात आसंल. सेनगावचे पाव्हणे तितं समोर बसनार हायत."

ही गोष्ट मला ठाऊक होती. फक्त तिचा नाटकाशी संबंध मी लावला नव्हता. काकाच्या धाकट्या मुलीची सोयरीक सेनगावकडील एका घराशी चालली होती. मुलीचे वय वाढत चालले होते आणि याआधी दोन ठिकाणांहून नकार आला होता. मुलाचे वडील नाताळाला आवारात येणार, घर पाहणार, माणसे पाहणार आणि जाताना हो किंवा नाही सांगणार, असे ठरले होते. त्यांना नाटकास पुढच्या सतरंजीवर बसवण्याचा बेत माझाच होता.

"काका, हे सोंग आहे. लोकांना कळते."

"सराईवाला सोंग व्हतं. त्यो माझा कोन? परका मानूस, हाकललं तर हाकललं. ह्यो तर माझ्यावानीच दिसून राहिला. घरदार, सोयरे, तक्के. ते म्हनतील, ज्येनं आपल्या लेकीला गुरांत घातलं, त्येची लेक आपल्या घरी कशाला? मला सराईवालाच राहू द्या, मास्तर. हात जोडतो."

मी नाही म्हणालो. सत्य हे सत्य असते, असे काहीसे बोललो. पंचविशीतल्या माणसाला ही वाक्ये सहज सुचतात. काकाला नाटकातले काम सोडता येत नव्हते. त्याने सोडले असते तर साऱ्या बाजाराने कारण विचारले असते. तो जुडगा माझ्या टेबलावर ठेवून गेला.

आणखी एक सुधारणा मी केली. मरीयेचे काम दरवर्षी शाळेतली एखादी मोठी मुलगी करी, पोटाशी फडके बांधून. यंदा मी ते माझ्या पत्नीस दिले. तिला तेव्हा सहावा महिना होता. देवळाच्या आवारात बायकांनी सोंग घेण्यास हरकत नव्हती, आणि फडके बांधण्याची गरज उरली नव्हती. वास्तवता साधेल, असे मी तिला म्हणालो. ती म्हणाली, "अहो, पाय सुजलेत माझे. बसायला मिळेल का?" मी म्हणालो, तिसऱ्या प्रवेशात मिळेल.

राकेलची टंचाई असल्याने नाटक दुपारीच ठेवले. ओट्याच्या डाव्या अंगाला पाहुण्यांची खोली केली होती. तेथे तक्के लावून, गावातली धिप्पाड माणसे पाहुणे म्हणून बसवली होती. त्यांना बोलायचे काही नव्हते. फक्त जागा भरायची होती. उजवीकडे गव्हाण आणि तिच्याशी खरी गाय. मी दोन चादरींच्या आडोशाला ग्रंथ हातात घेऊन उभा होतो. वचने वाचण्याचे काम माझे होते. पुढच्या सतरंजीवर सेनगावचे पाहुणे ताठ बसले होते. डोळ्यांत हसू नाही, बोलणे नाही. त्यांनी आवारात आल्यापासून पाण्याखेरीज काही घेतले नव्हते.

योसेफ दाराशी आला. माझी पत्नी त्याच्या मागे, कमरेवर हात ठेवून. तो हात मी शिकवलेला नव्हता.

"मामा, आम्हांला जागा द्या," योसेफ म्हणाला.

काकाने तिच्याकडे पाहिले. नंतर सतरंजीकडे पाहिले. पुन्हा तिच्याकडे.

"निकालो ना, मियाँ!" मागून कापडवाले चाचा ओरडले. "आज क्या हुआ आपकू?"

हशा पिकला. तो ओसरतो न ओसरतो तोच बायकांच्या घोळक्यातून कोणी तरी म्हणाले, "अगं बया, पहिलटकरीण दिसती. माहेरी काहून न्हाई गेली गं?" या प्रश्नाला कोणत्याही कोशात उत्तर नव्हते. दुसरी म्हणाली, "सासरचे मेले धाडत नसतील." बऱ्याच जणींनी माना वळवून आडोशाकडे, म्हणजे माझ्याकडे, पाहिले.

मी चादरीमागून काकाला त्याचे वाक्य पुरवले. खोली भरली आहे. एकदा, मग जरा मोठ्याने. काका वळला, आणि ज्या आवाजात तो इतकी वर्षे मरीयेला हाकलत आला होता, त्याच आवाजात तक्क्यांकडे पाहून गरजला.

"उठा रे! म्हशीवानी काय बसून राहिलेत? लेक दारात उभी अन् तुमी तक्क्याला टेकून! लाज न्हाई? निघा भाईर!"

तक्क्यांवरील पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिले. एक जण हळूच म्हणाला, "मास्तरनी हितंच बसायला सांगितलंय."

"मास्तरला बोलव. त्येलाबी उठिवतो."

पाहुणे उठले. मी ज्यांना केवळ अंगकाठी पाहून निवडले होते, ती माणसे माना खाली घालून ओट्यावरून उतरली आणि प्रेक्षकांत जाऊन बसली. काकाने स्वतः घोंगडे झटकून अंथरले, तक्का लावला. "ये माय, टेक. पाणी आना रे कुनी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. काटालुमा पूर्ण रिकामे झाले. मी ताडून पाहिलेल्या सर्व संदर्भांत असे कोठे घडल्याचे मला आढळले नव्हते.

येथे शहाण्या माणसाने ग्रंथ मिटला असता. पण पुढचे वचन वाचण्याची माझी पाळी होती, आणि मी ते वाचले. खणखणीत आवाजात, भाषांतर मूळ ग्रीकाप्रमाणे दुरुस्त करून वाचले, की पाहुण्यांच्या खोलीत त्यांना जागा नव्हती.

"ओ मास्तर," कोणी तरी ओरडले, "डोळे उघडा की! सगळी जागा मोकळी हाय!"

मी जन्मात पुष्कळ उपदेश केले. इतके लक्षपूर्वक ऐकलेले वाक्य दुसरे नाही.

नाटक पत्नीने सावरले. तिला ग्रीक येत नव्हते, पण वचन पाठ होते. बाळ गव्हाणीत गेल्याशिवाय मेंढपाळांना देवदूताने सांगितलेली खूण पटणार नाही, हे तिच्या ध्यानात होते. योग्य वेळी ती उठली, कापडाचे बाळ घेऊन ओटा ओलांडून गेली आणि त्याला गव्हाणीत ठेवून परत येऊन तक्क्याला टेकली.

"अगं, चांगली जागा सोडून लेकरू तितं काहून?" बायका कळवळल्या.

उत्तर काकाने दिले. घर आता त्याचे होते. "अंगणात लई पाव्हणे. नजर लागंल. राहू द्या जरा वैरणीत."

सर्वांना पटले. नजर लागणे ही अंधश्रद्धा आहे, यावर मी त्याच महिन्यात रविवारामागून रविवार बोललो होतो. बोलताना काका पहिल्या बाकावर बसून मान डोलवत असे.

नाटक संपल्यावर काका माझ्याकडे आला. रुमाल हातात होता.

"चुकलं माझं, मास्तर. लई ठरिवलं व्हतं. पर ती उभी राहिली, अन् तोंडातून न्हाई निघंना."

मी काही तरी कठोर बोलणार होतो. वाक्य तयारही होते. तेवढ्यात सेनगावचे पाहुणे ओटा चढून आले. काका बाजूला सरला, भिंतीला टेकला. त्याच्या हातातील रुमालाला पीळ पडत होता.

"हे सोंग तुमी बसिवलं?" त्यांनी मला विचारले.

"होय."

"ह्ये ह्यांचं बोलनं... पाव्हण्यांना उठिवलं ते. तुमी शिकिवलं ह्यांना?"

होय म्हटले असते तर नाटकाची शोभा राहिली असती आणि माझीही. पण पाहुणे माझ्याकडे ज्या रीतीने पाहत होते, त्यात मला नाटकाविषयी काही दिसले नाही.

"नाही," मी म्हणालो. "मी त्यांना लेकीला गोठ्यात पाठवायला शिकवले होते. चार वेळा तालीम घेतली. त्यांनी ऐकले नाही."

"ऐकलं न्हाई?"

"अजिबात नाही. चादरीमागून दोनदा सांगितले, तरी नाही."

पाहुण्यांनी मान हलवली. प्रथमच त्यांच्या चेहऱ्यावर हसण्यासारखे काही दिसले. "मंग ठीक हाय," ते म्हणाले. "शिकिवलेलं असतं, तर आमाला इचार करावा लागला असता." आणि काकाकडे वळून म्हणाले, "चला, व्याही. घरात चहा हाय का न्हाई?"

काका भिंतीपासून हलेना. माझ्या पत्नीने त्याला हाक मारली, तेव्हा हलला.

दिवस मावळण्याच्या सुमारास काकाच्या खोलीतून गूळ आला. घेऊन आली ती त्याची धाकटी मुलगी. तिने खाली मान घालून आधी माझ्या पत्नीच्या आणि मग माझ्या हातावर खडा ठेवला. पत्नी सुजलेले पाय पाटावर ठेवून बसली होती. मी गूळ खाल्ला, आणि मुलगी जाईपर्यंत काटालुमा या शब्दाविषयी काही बोललो नाही. त्या काळात मला ते सोपे नव्हते.