संकष्टीपुरती शाकाहारी

“ती घरात आहे तोवर तळू नकोस. बिचारीला वास सहन व्हायचा नाही.”

पालेर्मोतल्या त्या घरात स्वयंपाकघर आणि माझी झोपायची जागा यांच्यामध्ये नुसता पडदा होता. बाई तिथलीच, नवरा डच. दोघं आपसात इंग्रजीत बोलत, त्यामुळे त्यांच्या घरातलं मला सगळं कळत असे, मला नको असलेलंही. पडद्याअलीकडे मी बॅग भरत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं मुंबईचं विमान होतं. बिचारी म्हणजे मी, आणि तळायचे थांबले होते ते मासे.

मी लालबागची. आमचं घर मालवणी. आमच्याकडे जेवणात मासे नसले तर आई ‘आज काहीच केलं नाही’ म्हणते, मग ताटात चार पदार्थ असले तरी. आणि मी जवळजवळ दोन आठवडे भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने हिंडत होते, एका बंदरातून दुसऱ्या बंदरात, आणि माशाचा एक तुकडासुद्धा तोंडात गेला नव्हता.

माझ्या पगारात युरोप बसवायचा तर हॉटेल परवडण्यासारखं नव्हतं. तेव्हा एक वेबसाइट होती. अनोळखी माणसं आपल्या घरातला सोफा पाहुण्याला फुकट देत. पाहुणा गेला की यजमान त्याच्याबद्दल चार ओळी लिहून ठेवी आणि पुढच्या गावचा यजमान त्या वाचून ‘ये’ किंवा ‘नको’ कळवी. मला ही पद्धत फार आवडली होती. मी कमी बोलते. आपली ओळख दुसऱ्यानेच करून दिलेली बरी, असं मला वाटलं होतं. तिथेच फसले.

मार्सेयला पोचले तो दिवस संकष्टीचा होता. आईने संकष्टी धरली ती गिरणी संपाच्या वर्षात. बाबांचं काम सुटलं होतं, घरात मासे तसेही येत नव्हते. आई म्हणते, उपवासाला वेगळं काही सोडावं लागलं नाही. बाबांची गिरणी पुन्हा उघडली नाही. मासे हळूहळू परत आले, संकष्टीही राहिली. मी जन्मले त्यानंतर, पण त्या दिवशी मासे नाहीत हा नियम मलाही लागू. निघताना आईने एवढंच बजावलं होतं, थंय काय ता कर, पण संकष्टी मोडू नको. चंद्रोदयाची वेळही तिने फोनवर आठवणीने कळवली. ती वेळ लालबागची. मार्सेयला तेव्हा लख्ख दुपार होती.

तिथली यजमान बाई निवृत्त शिक्षिका होती. माझ्यासाठी तिने सकाळी बंदरावर जाऊन पाच-सहा तऱ्हेचे मासे आणले होते आणि त्यांचं लालसर कालवण केलं होतं. वासानेच मला रडू यायचं बाकी होतं. मी म्हटलं, आज मासे खाऊ शकत नाही, देवासाठी. तिने ‘देवासाठी’ ऐकलं आणि ‘आज’ सोडून दिलं. तिच्या हिशेबात देवासाठी सोडलेली गोष्ट एका दिवसापुरती सोडलेली असूच शकत नव्हती. दुसऱ्या दिवशी मी कालवणाची वाट बघत बसले, तर समोर उकडलेली फरसबी. उरलेलं कालवण तिने शेजारी पोचवून टाकलं होतं, मला त्रास नको म्हणून. तिची ती काळजी पाहून मी फरसबी खाल्ली. मी निघाल्यावर तिने साइटवर लिहिलं: शांत, स्वच्छ, धार्मिक. कडक शाकाहारी, कृपया काळजी घ्या.

नेपल्सच्या यजमान बाईने ती काळजी कशी घेतली म्हणता. मला मासळी बाजार बघायचा होता. ती मला तिथवर घेऊन गेली आणि बाहेर कोपऱ्यावर पिशव्या धरून उभं केलं. आत तुला बघवणार नाही, म्हणाली. तिथून मला नुसते कोळणींचे आवाज ऐकू येत होते. भाषा कळत नसली तरी भाव चालला आहे हे कळत होतं. घरी आल्यावर वांगी. सकाळी वांगी, रात्री वांगी. माझ्यासाठी तिने शहराच्या दुसऱ्या टोकाहून कसलंसं खास चीज आणलं होतं, त्यात प्राण्याचं काही नाही म्हणे. ते आणायला तिचा अर्धा दिवस गेला होता. आता हिला खरं सांगायचं तर आधीचीला खोटं पाडायचं. मी चीज खाल्लं. त्याला चव नव्हती.

इकडे रोज संध्याकाळी आईचा फोन. पहिला प्रश्न ठरलेला, “मासे गावतत मां गो थंय?” गावतात, मी म्हणायचे. मग ती फोन शेजारच्या काकींना द्यायची. काकींना तपशील हवा असे: सुरमई मिळते का, खोबरं नसेल तर वाटण कसलं लावतात, कोळंबी साफ करून देतात की तशीच. मी वांग्याचे ढेकर देत त्यांना उत्तरं द्यायचे. पूर्ण चाळीत पसरलं होतं की मुलगी रोज ताजी मासळी खाते आहे.

कोणी म्हणेल, एका वाक्याचं तर काम होतं. ते मलाही कळत होतं आणि त्याचाच जास्त वैताग येत होता. बाबांनी हट्टाने मला गिरगावातल्या इंग्रजी शाळेत घातलं. तिसरीत एकदा डब्यात बांगड्याचं सुकं होतं. मुलींनी बाक सरकवला, एकीने खिडकी उघडली. बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, डब्यात वास न येणारं काहीतरी आणत जा. दुसऱ्या दिवसापासून बटाट्याची भाजी, थेट दहावीपर्यंत. पुढे नोकरी लागल्यावर दादरला खोली बघत होते. घरमालकीण फोनवर म्हणाली, नॉनव्हेज? आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, नो, नो. ती खोली शेवटी मला मिळाली नाहीच. पण मार्सेयच्या सोफ्यावर पडल्या पडल्या माझ्या ध्यानात आलं होतं की ‘मी मासे खाते’ हे वाक्य मी आयुष्यात कधी इंग्रजीत म्हटलेलं नाही. मालवणीत ते म्हणावं लागत नाही.

पालेर्मोच्या जोडप्याने तर हद्द केली. माझ्यासाठी नवा तवा आणला. तो वेगळ्या खिळ्याला टांगला, वेगळ्या फडक्याने पुसला, आणि मला दाखवला. मी थँक यू म्हटलं. दोघं इतकी सज्जन होती की चिडायलाही जागा नव्हती. चार दिवस त्यांनी स्वतःही मासे खाल्ले नव्हते.

त्या शेवटच्या संध्याकाळी मात्र नवऱ्याचा धीर सुटला असावा, म्हणून तो मासे घेऊन आला होता. पडद्यापलीकडे बाई त्याला सांगत होती, खाली शेजारणीकडे जाऊन तळू, तिकडेच खाऊ, तोवर हिला भोपळ्याचं सूप देते. मग म्हणाली, तिच्याबद्दल काय लिहायचं ते आजच लिहून टाक. तो म्हणाला, काय लिहायचं, आधीच्या दोघींनी लिहिलं आहे तेच. शांत, शाकाहारी.

म्हणजे हे कायमचं होणार होतं. पुढे कधी लिस्बनला जा, अथेन्सला जा, वांगी माझ्या आधी पोचलेली असणार. आणि आत्ता ताटली उचलल्याचा आवाज आला. मासे जिन्याने खाली निघाले होते.

मी पडदा सरकवला. दोघं दचकली. बाईने ताटली पाठीमागे लपवली, एखाद्या पोरीसारखी, आणि माफी मागायला लागली. ओट्यावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं. त्यावर कापून ठेवलेली माशांची डोकी, चांगली मोठी, कालवणाला लागतात तशी, डोळे चकचकीत, आणि ओट्याखाली त्यांचं मांजर वर बघत बसलेलं. बाई म्हणत होती, सॉरी, आम्ही खाली जातोच आहोत, तू खिडकी उघड, वास जाईल.

“मी मासे खाते,” मी म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला. “रोज खाते. आणि ती डोकी मांजराला घालू नका.”