तुरुमामा आणि तिसरा पाइप

तुरुमामा गंज चाटून पाहत. मुलांनो, हसू नका, खरंच! फुटलेला पाइप विहिरीतून वर आला की ते तांबूस भुकटी बोटाने टिपून जिभेवर ठेवत, डोळे मिटत आणि थुंकून म्हणत, "पाणी मचूळ आहे. पण एवढं काम त्या एकट्याचं नाही." तामिळीत गंजाला तुरु म्हणतात, म्हणून तामिळ मुलखातल्या आमच्या ओरत्तनाडू गावाच्या आसपास ते साऱ्यांचे तुरुमामा.

दुसरे मेकॅनिक थेट भोकात बोट घालत. मामा भोकाकडे शेवटी वळत. "भोक कुठे पळून जातंय? आधी सांगा, त्याचा शेजारी कोण?"

पाइपावरच्या जस्ताच्या पातळ थराला त्यांच्यासमोर ओरखडा काढायची सोय नव्हती. पाइप वर ओढायला कुणी उघडी साखळी गुंडाळली की ओरडत, "अय्यो, कातडी सोलतोस काय रे त्याची? मध्ये गोणपाट घाल!" जोडणीसाठी टोकाला आटे पाडताना तो थर कापला जाई. तिथे ते स्वतः रंग लावत, जखमेला मलम लावावं तितक्या हलक्या हाताने.

एकोणीसशे साठ साल उलटून गेलं होतं. पाण्यात बुडून चालणारा पंप आमच्या मळ्यात नवाच होता आणि त्याचा पाइप वर्षाच्या आत तीनदा फुटला. उन्हाळा, कालवा कोरडा, नारळाची नवी रोपं माना टाकत होती. माझे सासरे, मामंजी, अगदी कंटाळले होते. "या विहिरीचं पाणीच लोखंड खातं. पंप विकतो आणि विहीर बुजवतो."

तुरुमामांनी माझी वही मागितली. प्रत्येक दुरुस्ती मी तीत लिहीत असे, वरून कितवा पाइप फुटला त्यासकट. "वाचा अक्का. मोठ्याने."

"तिसरा पाइप. तिसरा पाइप. तिसरा पाइप." वाचता वाचता माझाच आवाज चढला.

"रावजी," मामा मामंजींकडे वळले, "पाणी खातं तर पहिल्यालाही खाल्लं असतं की! तिसऱ्याचा शेजारी कोण?"

शेजारी होता तांब्याचा पत्रा. पंप प्रथम सोडला तेव्हा सासूबाईंनी पूजा करून तो पाइपाला बांधायला सांगितला होता, आणि बांधला होता मी, तांब्याच्या तारेने, घट्ट. दर वेळी पाइप बदलला की पत्रा चिंचेने लखलखीत घासून पुन्हा तिथेच बांधत असे. आणि तिरुचीच्या कॉलेजात मी काय शिकले होते? दोन वेगवेगळे धातू एकमेकांना चिकटवून खारट पाण्यात ठेवले की वीज वाहते आणि त्यातला एक झिजतो. परीक्षेत पट्टीने आकृती काढून मार्क मिळवले होते! तीच बॅटरी मी दर वेळी स्वतःच्या हाताने विहिरीत सोडत होते.

"मामंजी, मीच!" मी सुनेची रीत विसरून ओरडले.

आता सासूबाईंना कोण सांगणार? मामांनी सांगितलं.

"देवाचं तांबं पाइप खातं? जीभ झडेल तुझी!"

"तांबं कुठे खातंय अम्मा? ते पाहा कसं मजेत चकाकतंय. त्याच्यापायी लोखंड झिजतं. त्याला देव्हाऱ्यात बसवा. इथे मी दुसरा शेजारी देतो. तो स्वतः झिजेल, पाइपाला झिजू देणार नाही." त्यांनी पिशवीतून जस्ताचा जाड ठोकळा काढला.

सासूबाईंनी तो उलटसुलट पाहिला. "स्वतः झिजतो म्हणतोस? मग यालाही कुंकू लावायला हवं." आणि लावलंसुद्धा!

मामंजी म्हणाले, "पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मुदत देतो. फुटला तर बुजवणार."

तो पुढचा उन्हाळा पाहायला तुरुमामा राहिले नाहीत. पावसाळ्यात पंप छान चालत असतानाच, चार दिवसांच्या तापाने ते गेले. पुढच्या उन्हाळ्यात ठरल्याप्रमाणे पाइप वर काढले. साखळीखाली गोणपाट मी स्वतः घातलं. पहिला आला, दुसरा आला. तिसरा आला तेव्हा मामंजी खाली वाकून भोक शोधत राहिले. मीही शोधलं. कुठेच नव्हतं! जस्त तेवढं अप्पळासारखं, म्हणजे पापडासारखं, पातळ झालं होतं.

मामांनी ठेवून दिलेला दुसरा ठोकळा मी आणला. तो बसायची जागा चिंचेने लखलखीत घासली. या वेळी घासणं कामाचं होतं, जस्त पाइपाला नीट भिडावं म्हणून; तेही त्यांनीच शिकवलेलं. तार आवळत होते, तेवढ्यात ओसरीवरून सासूबाईंचा आवाज आला.

"थांब ग! शेजारी कोण बांधतेस ते आधी दाखव. आणि कुंकू घेऊन जा."