शिट्टीबाई शिकायला गेल्या

तलावावरची पोरं त्यांना शिट्टीबाई म्हणायची. पोहण्याच्या स्पर्धांसाठी मुलं तयार करण्यात बाईंचं अर्धं आयुष्य गेलं होतं, आणि आवाज असा खणखणीत, की गळ्यातली शिट्टी नुसती शोभेला. त्यामुळे प्रशिक्षकांच्या शिबिराला जायचा निरोप आला, तेव्हा त्यांनी नाक मुरडलं.

"आता या वयात मी काय शिकणार?"

"जाऊन तर ये," नवरा म्हणाला. "तेवढीच घरात शांतता."

शिबिर घेणारी निघाली त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. तिने प्रत्येकाला काठावरून शिकवायला लावलं, त्याचं चित्रण केलं आणि सगळ्यांसमोर दाखवलं. पडद्यावर बाई काठाने धावत घसा फोडत होत्या. पोहणाऱ्या पोराचं डोकं मात्र पाण्यात. खोलीत खसखस पिकली. बाईंचा चेहरा उतरला.

चहाच्या वेळी विद्यार्थिनी जवळ आली. "बाई, राग आला?"

"आला. पण तुझ्यावर नाही. तुला तरी माझं ऐकू यायचं का गं?"

"छे. तुम्ही उभ्या आहात एवढं बघायचे आणि पोहायचे."

त्यानंतर बाई पहिल्या रांगेत बसू लागल्या. शंका विचारून विचारून त्यांनी सगळ्यांना भंडावून सोडलं.

परतल्यावर त्यांनी तलावावरच्या पोरांमधली सगळ्यात होतकरू मुलगी निवडली. तिची शर्यतीची वेळ वर्षभर जागची हलत नव्हती. बाई गप्प राहून बघत राहिल्या. ती काठाला लागली, तशा उकिडव्या बसल्या. "काय जाणवलं?"

पोरीने चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, तुमची तब्येत बरी नाही का?"

बरेच दिवस पोरीचं एकच उत्तर, "काही नाही, बाई." बाईंनी जीभ आवरून धरली. मग एकदा ती म्हणाली, "वळताना भिंतीला पाय मारला, की मी घाबरून लगेच वर येते. पाण्याखाली मला थांबवतच नाही." ओरडण्याच्या नादात हे बाईंच्या नजरेतून सुटलं होतं. मग दोघींनी तेवढ्यावरच घाम गाळला.

मोठ्या स्पर्धेत शेवटच्या वळणाला पोरगी तिसरी होती. भिंतीला लाथ मारून ती पाण्याखाली गेली आणि तिथेच राहिली. ती वर आली ती सगळ्यांच्या पुढे, आणि भिंतीला हात लावेपर्यंत पुढेच राहिली.

बाई काठावर गुडघ्यांवर बसल्या. पोरीने गळ्यात हात टाकले, बाई चिंब भिजल्या.

"कसं करून घेतलंत हो?" शेजारच्या प्रशिक्षकाने विचारलं.

"तिनेच सांगितलं, काय चुकतंय ते," बाई म्हणाल्या.

पुढच्या शिबिरात शिकवाल का, असं विद्यार्थिनीने विचारलं, तेव्हा बाईंनी क्षणभरही आढेवेढे घेतले नाहीत.