पिवळं चाटायचं नसतं

अन्याय झाला भोमारामवर. गेल्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी सव्वाअकराला, दिल्लीतल्या एका सरकारी खिडकीवर. "दिहाडीवालों का रिकॉर्ड नहीं रहता, मॅडम," म्हणजे रोजंदारीवाल्यांची नोंदच नसते, असं आतून सांगण्यात आलं आणि त्याच्या कामाचा कागद मागायला गेलेली माझी सुमनआत्या मेट्रोने गाझियाबादला परतली. नऊ दिवसांनी ती गेली. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले... फोन आला तेव्हा मी एका मोर्चाची पत्रकं वाटत होते.

आत्या भूवैज्ञानिक. राजस्थानातल्या जुन्या ज्वालामुखीच्या खडकांत तिने कितीतरी हिवाळे युरेनियम शोधलं. मला सांगायची, "राख थिजली की काच होते. काच युगानुयुगं कुजते, पोटातलं युरेनियम सोडते आणि पाणी ते भेगांत नेऊन ठेवतं." भेगेतला जांभळा फ्लोराइटचा स्फटिक ही युरेनियम जवळ असल्याची तिची खूण. ओल्या दगडात खनिजं उठून दिसतात, म्हणून हे लोक ताजा फोडलेला दगड सरळ चाटतात. मी नाक मुरडलं की म्हणायची, "तुझ्या गोलगप्प्यापेक्षा स्वच्छ असतो."

नमुने फोडायला रोजंदारीवर भोमाराम होता. त्याला चाटायला आत्यानेच शिकवलं. "मॅडम, आपसे पहले बता दूँगा," अशी पैज लावायचा आणि जिंकायचा. पण भेगांवर पिवळी पुटं धरतात, ती युरेनियमचीच. त्यांना जीभ लावायची नसते, हे तिने त्याला कधी सांगितलंच नाही. "आमच्यात ते कुणी कुणाला सांगत नाही गं. माहीतच असतं..." एवढं बोलून ती मेथी निवडत राहिली.

आज भोमारामची मूत्रपिंडं निकामी आहेत. कशामुळे, हे कुणी तपासायलाच तयार नाही. आधी तो आत्याच्या शोधकामाच्या कॅम्पवर होता याचा कागद आणा म्हणतात. त्याचं नाव आत्याच्या फील्डबुकात, कामाच्या रोजच्या नोंदवहीत होतं. निवृत्त होताना तिने नियमाप्रमाणे सगळी फील्डबुकं जमा केली. ती आता सापडत नाहीत म्हणे. शेवटच्या आठवड्यात ती जुन्या सहकाऱ्यांच्या घरी फोन करत होती, "वहिनी, साहेबांच्या वह्या आहेत का हो?" पलीकडून चहाचं आमंत्रण यायचं. वही नाही.

तुम्ही आत्याचे जुने सहकारी, तुमच्यातल्या काहींनी वह्या जमा केल्याच नाहीत. आठवण म्हणून घरी ठेवल्यात. बरंच केलंत. आत्याच्या फोटोला हार आणू नका. वही काढा, भोमारामचं नाव शोधा आणि तो तुमच्यासोबत होता, असं स्वतःच्या सहीनिशी लिहून द्या. याच आठवड्यात. त्याच्याकडे वेळ नाही.