जीपचा आवाज ऐकून गल्ली घागरी घेऊन आली

ग्रुपवर मी कधी लिहीत न्हाई, निस्तं वाचते. पण आजचं सांगावं वाटलं.

बाबा जीपनं उदगीरला सिटा, म्हंजी पॅसेंजर, सोडतात. ऑइल बदलायचं होतं, पण त्यांची कंबर धरल्याली. तरी "मीच शिरतो खाली" म्हणायले. म्हणून मी ऑइल ओढायचा हातपंप मागवला. ऑइल मोजायची सळई असती, त्या डिपस्टिकच्या भोकातून नळी सोडायची आन् पंप मारायचा. जुनं ऑइल वरूनच डब्यात येतंय, गाडीखाली झोपायचं कामच न्हाई.

कुणी बघू नये म्हणून आज पहाटंच लागले. पण थंड इंजिनात ऑइल लई घट्ट. हात दुखले, डब्यात वाटीभर बी आलं न्हाई. मग नळी काढली आन् इंजिन गरम करायला जीप चालू केली.

तर आख्खी गल्ली घागरी घेऊन पळत आली! समद्यांना वाटलं टँकर आला.

शेजारच्या गंगाकाकूनं इचारलं, "काय काढायलीस गं?"

"ऑइल, काकू."

"मग ते मशीन आमच्या बोरला लाव की! पाणी तरी निघल."

समदे हसले. मला घरात पळावं वाटलं, पण बाबा दारातून बघायले होते. जीप बंद करून पुन्हा पंप मारला, तर काळं ऑइल भराभर आलं. नवं टाकलं, डिपस्टिकवर बरोबर खुणंला आलं. बाबा खाली न शिरता सिटा घेऊन गेले.

खरा टँकर आला तवा माझे हात काळेच होते. बघते तर आमची घागर रांगेत समद्यात पुढं. काकूनं लावल्याली.

आता तुम्हीच सांगा, पुढच्या बारीला जीप चालू करायच्या आधी गल्लीत सांगून येऊ का?