झाकल्या मुठीला डांबराचा वास

माझ्या हातांवर सोरायसिस आला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. पुढच्या चार वर्षांत मला एवढं कळलं की बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत डॉक्टर नसलेला माणूस शोधून सापडणार नाही. एसटीत शेजारी बसलेली बाई, शाळेतला शिपाई, दूध घालणारा, सगळ्यांना माझा रोग पाठ होता, फक्त प्रत्येकाचा वेगळा होता. कुणी नायटा म्हणायचं, कुणी खरूज, कुणी आवाज खाली नेऊन महारोग. औषधांचं तर विचारूच नका. करंजाचं तेल लाव, गोमूत्र लाव, कुंभाराच्या भट्टीतली राख लाव. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पथ्याबाबत मात्र सगळ्या शहाण्यांचं एकमत होतं, मासे बंद. वडील दर रविवारी भिगवणहून मासे आणायचे, कालवणाचा वास जळोचीतल्या आमच्या गल्लीभर सुटायचा आणि मी शेपूची भाजी पुढ्यात घेऊन बसायचे. चार वर्षं शेपू खाल्ला. हातावरचा एक पापुद्रा कमी झाला नाही.

खरं नाव मला ठाऊक होतं. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले होते तेव्हा तिथल्या एका डॉक्टरनं दोन मिनिटांत सांगितलं होतं, "सोरायसिस आहे. एकाचा दुसऱ्याला होत नाही. मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतो. मेडिकलमध्ये कोल टारचं, म्हणजे डांबराचं, औषध मिळतं, ते लावत जा." मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. आईनं त्यातलं 'जात नाही' तेवढं ऐकलं आणि रडायला बसली. 'दुसऱ्याला होत नाही' हे तिच्या कानापर्यंत पोचलंच नसावं, कारण त्या दिवसापासून मला पिठाच्या परातीला हात लावायची बंदी झाली.

निरवांगीच्या शाळेत मी शिकवायचे. मधल्या सुट्टीत सगळ्यांचे डबे एकत्र उघडायचे, आणि माझा डबा फिरून जसाच्या तसा माझ्याकडं परत यायचा. "आज पोट जड हाय बाई," म्हणायचे. हीच मंडळी तासाभरानं पोरांना नागरिकशास्त्रातली समता शिकवायची. त्यांचं मी एकवेळ समजू शकते, त्यांची अक्कल तेवढीच. पण घरच्यांचं काय? माझ्या आजोबांच्या हातचं पाणी गावाला चालत नव्हतं, म्हणून त्यांनी छप्पन साली धर्म बदलला. त्यांच्याच घरात त्यांच्या नातीच्या हातची भाकरी चालेना. वर भिंतीवर बुद्धाचा फोटो आणि खाली ही तऱ्हा. मला त्या घराची शिसारी यायची.

मला दोनदा बघायला आले, आणि दोन्ही वेळा चहाचा कप घेताना त्यांची नजर माझ्या बोटांवर गेली. नंतर निरोपच आला नाही. मग आईवडिलांनी माझ्या पाठच्या बहिणीचं बघायला घेतलं. माझी एकुलती एक बहीण. घरात ती एकटीच माझ्या ताटात जेवायची, आणि मुद्दाम आईच्या देखत जेवायची.

तिला बघायला इंदापूरची मंडळी आली त्या दिवशी मला आतल्या खोलीत बसवलं. दाराच्या फटीतून मी पाहिलं. मुलगा बरा होता. त्याचा बाप मात्र पहिल्या क्षणापासून माझ्या डोक्यात गेला. तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त झालेला हेडक्लार्क. मार्चच्या उकाड्यात लांब बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेली, मांडीवर टॉवेल आणि टॉवेलाखाली दोन्ही हात. नमस्कार केला तोही नुसत्या मानेनं. पोह्यांना हात लावला नाही, चहाला लावला नाही. "नुकतंच झालंय," म्हणाला. अरे, तुमचा बाप आणि आमचे आजोबा एकाच वर्षी बौद्ध झाले, आणि आता आमच्या घरचा चहा तुम्हाला चालत नाही? चार कागदांवर सह्या मारल्या की काही लोकांना शिंगं फुटतात.

तरी पसंती आली. लग्न मेच्या शेवटी ठरलं, इंदापूरला. जागा त्यांची, जेवण आमचं. पाहुण्यांची जीप गल्लीतून वळायच्या आत आई मला म्हणाली, "हात बरं झालं तर मांडवात ये. न्हाय तर मागं सयपाकाकडं बघ. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यास्नी एवढंसं जरी दिसलं तर पोरीचं मोडंल."

बहीण म्हणाली, "ताई न्हाय तर मी बी मांडवात उभी ऱ्हायची न्हाय."

तिचं बोलणं कोण ऐकतंय. मला मात्र तिच्या शेजारी उभं राहायचं होतं. दुसरं काही नको होतं. हातात दोन महिने होते.

बारामतीत त्वचेचे डॉक्टर होते, पण त्यांच्या पाटीवर ठळक लाल अक्षरांत लिहिलेलं, 'त्वचारोग व गुप्तरोग तज्ज्ञ'. लग्न न झालेली बाई त्या जिन्यावर चढताना दिसली, तर ती उतरेपर्यंत गावात तिचे दोन्ही रोग पक्के झालेले असायचे. आई म्हणाली, "त्या जिन्यावर पाय ठिवलास तर माझं मेलेलं तोंड बघशील." रोगानं मी मेले असते तरी तिला चाललं असतं, जिन्यावर दिसायला नको होते. राहिलं मेडिकलचं दुकान.

काउंटरवर माझ्याशेजारी पाचसात गिऱ्हाइकं होती. मी जमेल तितक्या हळू आवाजात कोल टारचं काय आहे ते विचारलं. दुकानदारानं जमेल तितक्या मोठ्यानं ते आतल्या माणसाला ओरडून सांगितलं. मग स्वतःच एक छोटी ट्यूब माझ्यापुढं टाकली. "ही न्या. चार दिवसांत हात आरशासारखा." ती ट्यूब मी ओळखत होते. तिच्यात कोल टारचा थेंब नव्हता, स्टेरॉइड होतं. मागच्या वर्षी कोल टार मागितलं तेव्हा दुसऱ्या एका दीडशहाण्यानं मला तीच दिली होती. चार दिवसांत हात खरंच साफ झाले, आणि लावायचं सोडल्यावर पंधरा दिवसांत दुप्पट होऊन परत आले.

"मी कोल टार मागितलंय," मी म्हणाले.

"तेच हाय वो."

मी खोक्यावरचं इंग्रजी त्याला वाचून दाखवलं. बाईमाणसानं खोकं वाचलेलं त्याला अजिबात आवडलं नाही.

मग नाइलाजानं तीन वस्तू आल्या, साबण, बाटलीतलं लोशन आणि मलमाची ट्यूब. साबण मी लगेच बाजूला सारला. तो अंगाला लागतो किती आणि मोरीत जातो किती. लोशन पातळ होतं. वास कमी, डाग कमी, पण त्यात टारही कमी. मलमात टार जास्त, आणि जोडीला सॅलिसिलिक ॲसिड, म्हणजे वरचे जाड पापुद्रे सुटणार आणि औषध खाली पोचणार. पण ते होतं काळपट, चिकट, आणि झाकण उघडल्याबरोबर रस्त्यावर डांबर टाकताना येतो तसला वास. शिवाय त्याचा डाग कपड्यावरून निघत नाही. आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते, घरच्या बायकाही पांढरीच नेसतात.

दोन्ही खोकी हातात धरून मी उभी राहिले. पातळ घेतलं तर लपवता येईल, पण गुण बेताचा. जाड घेतलं तर गुण येईल, पण लपणार नाही. आमच्या घरातल्या कुणीही डोळे मिटून बाटली उचलली असती. म्हणूनच मी ट्यूब घेतली.

"कुणासाठी?" दुकानदारानं विचारलं.

"म्हशीसाठी."

"मग हे नको. जनावराचं येगळं येतं," तो अगदी मनापासून म्हणाला. असल्या लोकांच्या हातात आपली औषधं असतात. त्यानं ट्यूब वर्तमानपत्रात गुंडाळून दिली.

मलमाला गुण आला, हे कबूल करायला हवं. संध्याकाळी लावायचं, वडिलांचे जुने पायमोजे हातांवर चढवून झोपायचं, सकाळी धुवायचं. महिन्याभरात पापुद्रे गळाले आणि खालची कातडी गुलाबी दिसायला लागली. वास मात्र धुऊनही जायचा नाही. शेजारणीनं विचारलं की आई सांगायची, "वाशांना वाळवी लागलीया, डांबर दिलंय." पोरीपेक्षा वाशांना वाळवी लागलेली तिला बरी वाटत होती.

लग्नाला बारा दिवस राहिले आणि तिला घाई सुटली. आमच्याकडं अंगाला काहीही लावलं की ते उन्हात मुरवायचं असतं. तान्ह्या पोराला तेल लावलं की ऊन, म्हाताऱ्याचे गुडघे चोळले की ऊन. "रातीचं लावून काय व्हतंय?" आई म्हणाली. "उन्हात बस, चांगलं मुरंल." आणि मी बसले. मी, डी.एड. झालेली, खोकं वाचून दुकानदाराची जिरवणारी, हातांना जाड मलम फासून मे महिन्याच्या उन्हात दोन तास परसात बसले. ट्यूबच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद होता. टारची टक्केवारी खोक्यावरच होती, म्हणून तो मी उघडलाच नव्हता. हात भाजल्यासारखे लाल झाले, फोड आले, तेव्हा उघडला. औषध लावलेली जागा उन्हापासून जपा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. 'प्रश्न पूर्ण वाचा, मग उत्तर लिहा' म्हणून पोरांना छड्या देणारी बाई मी. आईचा राग आलाच, पण तिला वाचता येत नव्हतं. मला येत होतं.

फोड बसले, आणि त्या जागी पापुद्रे आधीपेक्षा जाड होऊन आले. आईनं माझे हात पाहिले आणि लांब बाह्यांचा ब्लाउज शिवायला टाकला. बोलायची गरजच नव्हती.

लग्नाच्या दिवशी इंदापूरला मी मांडवामागं पाण्याच्या टाकीजवळ उभी होते. पांढरी साडी, लांब बाह्यांचा ब्लाउज, हात पदराखाली. मांडवात वंदना झाली, मग नवरानवरीच्या प्रतिज्ञा सुरू झाल्या. बहिणीचा आवाज लाउडस्पीकरवरून येत होता. मध्येच तो अडखळला, थांबला. ती मला शोधत असणार. मी मांडवाचं कापड थोडं बाजूला केलं, तर समोरून आईची नजर थेट माझ्यावर. मी कापड सोडलं. फुलं पडली, टाळ्या वाजल्या. माझ्या बहिणीचं लग्न मी ऐकलं, पाहिलं नाही.

थोड्या वेळानं तो हेडक्लार्क मागं आला. एकटाच, हातात द्रोण, खांद्यावर तोच टॉवेल. आमच्या स्वयंपाकात खोड काढायला आला असणार, असं मी धरून चालले. तो चार पावलांवर थांबला, वास घेतला आणि म्हणाला, "ट्यूबमधलं लावता व्हय बाई?"

मी पदर आणखी घट्ट केला.

"मी बाटलीतलं लावतो. वास कमी, कुणाला कळत न्हाय. पन गुन ट्यूबलाच." त्यानं द्रोण टाकीच्या कडेवर ठेवला आणि बाहीची बटणं काढली. बोटांवर, मनगटावर, पार कोपरापर्यंत, माझेच हात. "बावीस वर्सं झाली. घरचे म्हनले, लगीन हुईस्तवर झाका. तुमच्यात चा बी घेता आला न्हाय मला. मासं खाऊ देत्यात का तुमाला?"

"नाही," मी म्हणाले.

"मला बी न्हाय."

दोन घरं दोन महिने एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती, आणि त्यापायी मला टाकीजवळ उभं केलं होतं. कुणाचा गळा धरावा ते कळेना. त्यानं द्रोणातला बुंदीचा लाडू उचलून माझ्यापुढं धरला. "घ्या. भनीच्या लग्नाचा हाय. तुमी मागंच हाय, तुमाला कुनी दिला नसंल."

माझा हात मागं आला.

एकाचा दुसऱ्याला होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि झाला असता तरी मला नव्यानं काय होणार होतं? तरीही त्या बोटांत धरलेला लाडू पाहून माझा हात पदराखाली गेला, माझा डबा पाहून शाळेतल्यांचा मागं जायचा अगदी तसाच. बहिणीच्या सासऱ्यांनी ते पाहिलं. "ऱ्हाऊ द्या, ठिवतो हितं," एवढंच म्हणाले, लाडू द्रोणात ठेवला आणि बटणं लावायला लागले. चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांना त्याची सवय होती.

मी लाडू उचलला आणि त्यांच्या देखत सगळा खाल्ला. पण ते उशिराचं खाणं होतं, आणि ते आम्हा दोघांनाही कळत होतं.

पंधरा दिवसांनी बहिणीचं इंदापूरहून पहिलं पत्र आलं. तिनं लिहिलं होतं, "ताई, मामंजी सगळ्यांना सांगतात की सूनबाईच्या बहिणीनं माझ्या हातचा लाडू खाल्ला, असा कुणी खात नाही." मागं आलेल्या हाताचं त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. मीही आजवर सांगितलेलं नाही.